धुराचा पंचनामा: श्वेनवेई आणि पी-५३

चीनच्या युन्नान प्रांतातलं श्वेनवेई चिनी खवय्यांना ठाऊक आहे ते तिथल्या हॅमसाठी, म्हणजे मीठ लावून महिनोन् महिने मुरवलेल्या डुकराच्या मांडीसाठी. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव पाठ आहे ते मात्र दुसऱ्या कारणानं. १९७३ ते १९७५ या काळात चीननं देशभर मृत्यूंच्या कारणांची पाहणी केली आणि कुठल्या भागात लोक कशानं मरतात याचे नकाशे काढले. त्या नकाशावर, डोंगरातल्या या शेतकरी तालुक्यात, फुप्फुसाच्या कर्करोगाचा ठिपका विलक्षण गडद निघाला. सत्तरच्या दशकात तिथे वर्षाला दर लाख पुरुषांमागे सुमारे २८ पुरुष आणि दर लाख बायकांमागे सुमारे २५ बायका या आजारानं जात होत्या. देशभरात बायकांचं हेच प्रमाण लाखामागे तीनच्या आसपास होतं.

या दोन आकड्यांत, २८ आणि २५ मध्ये, सगळं प्रकरण दडलेलं आहे. श्वेनवेईचे बहुतेक पुरुष तंबाखू ओढत, तीही बांबूच्या जाडजूड नळीतून. ओढणाऱ्या बायका शंभरात एकही सापडत नसे. दोष तंबाखूचा असता तर हे आकडे इतके शेजारी-शेजारी आलेच नसते. मग घरातल्या दोघांनाही सारखं काय मिळत होतं? एकच गोष्ट: घरातली हवा.

समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवरच्या या भागात हिवाळा बोचरा असतो. घराच्या मधोमध जमिनीत उथळ खड्डा खणायचा, त्यात विस्तव पेटवायचा, त्यावर रांधायचं आणि त्याच्याभोवती शेकत बसायचं, ही जुनी रीत. धुराडं नाही. धूर दारातून, कौलांतून, जमेल तसा बाहेर जाईल. न गेला तर घरातच राहील. जळण म्हणून गावागावांत तीन गोष्टी वापरल्या जात: लाकूड, बिनधुराचा कोळसा आणि धुराचा कोळसा. ज्याच्या गावाजवळ जी खाण, त्याच्या घरात तो कोळसा. एकाच तालुक्यात, एकाच वंशाचे, एकच अन्न खाणारे लोक फक्त जळणावरून वेगळे पडले होते. असा प्रयोग ठरवून करायला गेलं तर कुणी परवानगी देणार नाही. इथे तो भूगर्भानं मांडून ठेवला होता. तालुक्याच्या मध्यभागातली धुराच्या कोळशाची गावं वेगळी घेऊन पाहिली की मृत्यूंचा आकडा फुगायचा. लाकडाची आणि बिनधुराच्या कोळशाची गावं वेगळी घेतली की तो धाडकन खाली यायचा.

बीजिंगच्या प्रतिबंधक वैद्यक संस्थेतले हे शिंगचौ आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतले ज्युडी ममफर्ड, रॉबर्ट चॅपमन वगैरे शास्त्रज्ञ ऐंशीच्या दशकात एकत्र आले आणि त्यांनी घराघरांत जाऊन धूर गोळा केला. त्यांचा निबंध जानेवारी १९८७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. त्यातली एक गोष्ट आपल्यासारख्या चुलीच्या देशातल्या वाचकानं नीट वाचण्यासारखी आहे. लाकडाच्या धुरातही कणांचा भार भरपूर होता, डोळे तिथेही चुरचुरत होते. पण धुराच्या कोळशाचे कण फार बारीक होते, बरेचसे एका मायक्रॉनहूनही लहान, आणि त्यांना चिकटलेली सेंद्रिय रसायनं जनुकांत बदल घडवणारी होती. लाकडाचा कण जाडा. तो नाकाघशातच बराचसा अडतो. कोळशाचा बारीक कण खोलवर, वायुकोशांपर्यंत पोहोचतो, आणि जाताना मुद्देमाल बरोबर घेऊन जातो. त्या रसायनांत बेंझोपायरीन हे कर्करोग घडवणारं रसायन होतं, आणि या घरांतलं त्याचं प्रमाण कोक भट्टीवर, म्हणजे पोलादासाठी कोळसा भाजणाऱ्या भट्टीवर, काम करणाऱ्या कामगारांच्या हवेशी तुलना करण्याइतकं होतं. फरक इतकाच की भट्टीवरचा कामगार पाळी संपली की घरी जातो. श्वेनवेईच्या बाईचं घर हीच भट्टी होती.

इथपर्यंतचा पुरावा परिस्थितिजन्य आहे. चांगला आहे, पण परिस्थितिजन्य. अमुक गावात अमुक जळतं आणि तिथे माणसं जास्त मरतात, यावर शंका काढायला जागा उरते: पाणी वेगळं असेल, माती वेगळी असेल, आणखी काही असेल. गाठीच्या आत, पेशीच्या आत जाऊन धुराचा हात दाखवता येईल का? ते दाखवण्यासाठी पी-५३ लागलं.

पी-५३ हे गाठ रोखणारं प्रथिन आहे. १९७९ मध्ये ते सापडलं तेव्हा त्याला उलटंच समजलं गेलं. गाठींच्या पेशींत ते ढीगभर दिसायचं, म्हणून गाठ तेच वाढवत असावं असा तर्क झाला, आणि प्रयोगशाळेत त्याचं जनुक घालून पाहिल्यावर पेशी खरंच बिघडायच्या. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, घोळ लक्षात आला: प्रयोगांत फिरत असलेली जनुकाची प्रतच मुळात बिघडलेली होती. धड प्रत घातली तर पेशी उलट आवरतात. त्याच वर्षी फुप्फुसाच्या गाठींत हे जनुक मोडलेलं असतं हेही दिसलं. १९९२ मध्ये डेव्हिड लेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं त्याला जनुकसंचाचा राखणदार म्हटलं आणि ते नाव चिकटलं. कोकणातल्या माणसाला राखणदार ही कल्पना समजावून सांगायला नको. दिसत नाही, एरवी काही करत नाही, पण वेशीवर कुणी वाकडं पाऊल टाकलं की उभा राहतो.

निरोगी पेशीत पी-५३ जवळजवळ नसतंच. ते सतत तयार होतं आणि एमडीएम-२ नावाचं दुसरं प्रथिन त्याला सतत मोडीत पाठवत राहतं. त्याचं अर्धआयुष्य वीसेक मिनिटांचं, म्हणजे तेवढ्या वेळात असलेलं निम्मं संपतं. डीएनएला इजा झाली की काही एन्झाइम्स पी-५३ वर फॉस्फेटची खूण करतात, एमडीएम-२ ची पकड सुटते आणि प्रथिन साचायला लागतं. मग त्याचे चार रेणू एकत्र येऊन डीएनएला धरतात आणि काही जनुकांना कामाला लावतात. त्यातलं एक पी-२१, जे पेशीचं विभाजन थांबवतं. दुरुस्तीला वेळ मिळतो. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पी-५३ पेशीला मरायला लावतं. बिघडलेली पेशी जगून मुलंबाळं घालण्यापेक्षा मेलेली बरी, असा हा हिशेब आहे.

चार रेणूंची चौकडी असल्यामुळे एक विचित्र गोष्ट होते. माणसात या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक मोडली तर निम्मं काम चालू राहील असं वाटतं. पण मोडक्या प्रतीचे रेणूही चौकडीत शिरतात आणि चांगल्या तिघांनाही लंगडं करतात. म्हणूनच पी-५३ च्या बाबतीत बहुतेक वेळा जनुक पुसलं गेलेलं सापडत नाही. एखादं अक्षर बदललेलं सापडतं. ३९३ अमिनो आम्लांच्या या साखळीत एकच मणी बदललेला असतो आणि तो बहुधा डीएनएला धरणाऱ्या मधल्या भागातला असतो. फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात सुमारे ९० टक्के गाठींत, स्क्वेमस प्रकारात सुमारे ८० टक्क्यांत आणि अ‍ॅडिनोकार्सिनोमात साधारण निम्म्या गाठींत हे जनुक बिघडलेलं असतं.

तपास करणाऱ्याच्या दृष्टीनं अक्षर बदललेलं असणं हे वरदान आहे. पान फाडून नेलं तर कुणी फाडलं कळत नाही. खाडाखोड केली तर हस्ताक्षर मागे राहतं.

धुराचं हस्ताक्षर कसं दिसतं? बेंझोपायरीन स्वतः तसं निरुपद्रवी, तेलकट, पाण्यात न विरघळणारं. शरीर त्याला बाहेर टाकायला बघतं आणि त्यासाठी यकृतातली, फुप्फुसातली एन्झाइम्स त्याच्यावर ऑक्सिजन चढवतात. हे करताना मधल्या एका टप्प्यावर बीपीडीई नावाचं अत्यंत चिकट रूप तयार होतं. साफसफाई करायला गेलेल्या घरच्या माणसानंच चोरासाठी कडी काढून ठेवावी तसं. बीपीडीई डीएनएच्या ‘ए’, ‘टी’, ‘सी’, ‘जी’ या चार अक्षरांपैकी ग्वानिनला, म्हणजे ‘जी’ला, चिकटतं. पेशी विभाजनासाठी डीएनएची नक्कल करायला बसली की हा लडबडलेला ‘जी’ तिला नीट वाचता येत नाही. समोर ‘सी’ लिहायचं सोडून ती ‘ए’ लिहिते. पुढच्या नकलेत त्या ‘ए’समोर ‘टी’ येतो. ‘जी’चा ‘टी’ झाला. म्हातारपणामुळे, आपोआप होणाऱ्या चुका सहसा अशा नसतात. त्या बहुतेकदा ‘सी’चा ‘टी’, दुसऱ्या धाग्यावरून पाहिलं तर ‘जी’चा ‘ए’, अशा असतात.

ऑक्टोबर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सिटी ऑफ होप संस्थेतले मिखाइल डेनिसेंको, गर्ड फायफर आणि टेक्सासच्या मून-शाँग टँग यांच्या गटानं माणसाच्या पेशींवर बीपीडीई टाकून ते पी-५३ च्या जनुकात नेमकं कुठे चिकटतं ते मोजलं. सगळीकडे सारखं चिकटलं असतं तर काही हाती लागलं नसतं. पण ते १५७, २४८ आणि २७३ या क्रमांकांच्या कोडॉनवर जास्त चिकटलं (कोडॉन म्हणजे एका अमिनो आम्लासाठीची तीन अक्षरं). धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या गाठींत जनुक जिथे मोडलेलं सापडत होतं, तीच ही ठिकाणं. त्यातलं १५७ खास महत्त्वाचं, कारण २४८ आणि २७३ इतर अवयवांच्या कर्करोगांतही वारंवार मोडतात; १५७ मात्र फुप्फुसाचं वैशिष्ट्य.

त्यावर वाद झाला. तो सगळा सद्हेतूनं झाला नाही: तंबाखू कंपन्यांशी लागेबांधे असलेल्या संशोधकांनी हा पुरावा खिळखिळा करण्याचे प्रयत्न कसे केले, हे २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सविस्तर छापून आलं. पण एक आक्षेप शास्त्र म्हणून रास्त आहे आणि तो टाळू नये. जनुकात सगळीकडे सारख्याच चुका झाल्या तरी गाठीत दिसणार त्याच, ज्या पेशीला वाढायला मदत करतात. म्हणजे ठिकाण हे मारेकऱ्याच्या हत्याराबद्दल जितकं सांगतं तितकंच निवडीबद्दलही सांगतं. माझ्या मते म्हणूनच या खटल्यात कोडॉनच्या क्रमांकापेक्षा दुसऱ्या दोन गोष्टी जास्त वजनदार आहेत: कुठलं अक्षर कशात बदललं, आणि डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कुठल्या धाग्यावर.

धाग्याचं प्रकरण थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे. जनुक वाचलं जातं तेव्हा दोनपैकी एकाच धाग्यावरून वाचन होतं. वाचणारं एन्झाइम त्या धाग्यावरून सरकत असताना चिकटलेल्या बीपीडीईला अडखळतं, थांबतं, आणि ते थांबलं की दुरुस्तीची टोळी धावून येते. रस्त्यावर खड्डा असेल आणि त्यावरून रोज आमदारांची गाडी जात असेल तर तो बुजतो, तसं. दुसरा धागा वाचला जात नाही, त्यावरचा खड्डा कुणाला लागत नाही, तो तसाच राहतो. म्हणून मोठं, अवजड रसायन ‘जी’ला चिकटून चूक झाली असेल, तर चुका न वाचल्या जाणाऱ्या धाग्यावरच्या ‘जी’वर जास्त सापडायला हव्यात. योगायोगानं झालेल्या चुकांना धागा कळत नाही.

आता श्वेनवेईकडे परत. २००१ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतले डेव्हिड डीमरिनी आणि सहकाऱ्यांनी श्वेनवेईतल्या २४ गाठी तपासल्या. २४ माणसं, सगळी धूम्रपान न करणारी, सगळी धुराच्या कोळशाच्या घरांतली. पी-५३ मधल्या चुकांपैकी ७६ टक्के ‘जी’चा ‘टी’ अशा होत्या. के-रास या दुसऱ्या, गाठ वाढवणाऱ्या जनुकात बाराव्या कोडॉनवर हेच प्रमाण ८६ टक्के होतं. पी-५३ मधल्या एक तृतीयांश चुका १५३ ते १५८ या ‘जी’नं भरलेल्या पट्ट्यात एकवटल्या होत्या, १५७ त्याच पट्ट्यात येतं. आणि ‘जी’चा ‘टी’ झालेल्या प्रत्येक ठिकाणी तो ‘जी’ न वाचल्या जाणाऱ्या धाग्यावर होता. प्रत्येक. शंभर टक्के.

हे आकडे तुलनेशिवाय कळत नाहीत. सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या गाठींत पी-५३ मध्ये ‘जी’चा ‘टी’ असे बदल साधारण ३० टक्के असतात. न ओढणाऱ्यांत १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आयुष्यात विडी-सिगारेटला हात न लावलेल्या या माणसांच्या गाठींत धुराची सही अट्टल सिगारेटबाजाहून दुपटीहून अधिक ठळक होती. तोवर तपासल्या गेलेल्या कुठल्याच प्रकारच्या गाठींत इतकी ठळक सापडली नव्हती.

चोवीस ही संख्या लहान आहे, हे मान्य. त्यातून एखाद्या विशिष्ट बाईला कर्करोग कशामुळे झाला हे सिद्ध होत नाही. हस्ताक्षर गटाचं ओळखता येतं, एकट्या अक्षराचं नाही. पण पूर्व आशियात धूम्रपान न करणाऱ्या बायकांना होणारा फुप्फुसाचा कर्करोग सहसा वेगळ्या वळणाचा असतो: तिथे ईजीएफआर या, पेशीला वाढायला सांगणाऱ्या जनुकातले ठरावीक बदल पुढे असतात. श्वेनवेईत ईजीएफआर मधले बदलही सापडतात, पण त्यांत एरवी दुर्मीळ असणारे प्रकार जास्त दिसतात. सगळ्या बाजूंनी हा तालुका शेजाऱ्यांसारखा वागत नाही, आणि जिथे वागत नाही तिथे कोळशाकडेच बोट जातं.

याच संशोधकांच्या वर्तुळातून आलेली दुसरी एक पाहणी मला जास्त अस्वस्थ करते. धुराच्या कोळशाच्या घरांत राहणाऱ्या, पण कर्करोगाचं निदान न झालेल्या लोकांची थुंकी तपासली तेव्हा काहींच्या थुंकीतल्या पेशींत पी-५३ आधीच मोडलेलं होतं. गाठ नाही, एक्स-रेवर सावली नाही, तक्रार नाही. राखणदार मात्र गेलेला.

मोडलेलं पी-५३ कर्करोगाकडे नेतं, तर जास्त जागं असलेलं पी-५३ चांगलंच म्हणायचं का? फुप्फुसाच्या बाबतीत तसं नाही, आणि ‘गाठ रोखणारं’ या नावामुळे ही बाजू झाकली जाते. इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस या आजारात फुप्फुस जून झालेल्या दोडक्यासारखं घट्ट, तंतुमय होत जातं. त्या रुग्णांच्या वायुकोशांच्या अस्तरपेशींत पी-५३ आणि पी-२१ वाढलेलं सापडतं. कारण असं दिसतं की या पेशी वारंवार जखमी होतात, त्यांच्या गुणसूत्रांची टोकं झिजतात, पी-५३ प्रत्येक वेळी ‘थांब’ म्हणत राहतं आणि शेवटी अस्तर नव्यानं भरून काढणाऱ्या पेशीच संपतात किंवा म्हाताऱ्या होऊन नुसत्या बसून राहतात. बसलेल्या पेशी गप्प बसत नाहीत. त्या आजूबाजूला तंतू विणायला लावणारे संदेश सोडतात. काही घराण्यांत हा आजार वारशानं येतो आणि त्यांतल्या काहींत गुणसूत्रांची टोकं सांभाळणारं टेलोमरेज बिघडलेलं असतं, हे २००७ मध्ये कळलं. सीओपीडी या श्वास कोंडणाऱ्या दीर्घकाळच्या आजारातही फुप्फुसाच्या ऊतीत पी-५३ वाढलेलं दिसतं. धुरानं दुखावलेल्या पेशी मरत राहतात आणि वायुकोशांच्या भिंती विरत जातात. म्हणजे एकाच धुरानं एकीकडे राखणदार ठार केला तर गाठ, आणि दुसरीकडे त्याला रात्रंदिवस जागं ठेवलं तर फुप्फुसाची झीज. कुठल्या पेशीत काय होईल हे ठरतं रसायन डीएनएवर नेमकं कुठे चिकटलं, दुरुस्ती किती चपळ होती आणि ती पेशी पुन्हा विभागणार होती की नाही, यावर.

माणसामाणसांतही फरक आहे. बीपीडीईला पकडून बाहेर ढकलणारं जीएसटीएम-१ हे एन्झाइम बऱ्याच लोकांत जन्मतःच नसतं. त्याचं जनुकच गायब असतं. श्वेनवेईत अशा लोकांना कर्करोगाचा धोका दुपटीहून अधिक निघाला. एकाच विस्तवाभोवती बसलेल्या दोन जावांपैकी एकीलाच आजार का झाला, याच्या उत्तराचा एक तुकडा इथे आहे. फक्त एक तुकडा.

या प्रकरणाचा मला सगळ्यांत आवडणारा भाग मात्र प्रयोगशाळेत घडलेला नाही. पी-५३ चा पंचनामा २००१ चा. धुराडी त्याच्या पंचवीस वर्षं आधी, सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून, बसायला लागली होती. तेव्हा पी-५३ सापडलंही नव्हतं. घरात धूर कोंडतो, तो बाहेर काढा, एवढ्या समजुतीवर लोकांनी उघडा खड्डा बुजवून धुराड्याच्या चुली बांधल्या. सगळ्यांनी एकाच वर्षी बांधल्या नाहीत. कुणी लवकर, कुणी उशिरा, कुणी कधीच नाही. याचाच फायदा घेऊन लान चिंग आणि सहकाऱ्यांनी २१ हजारांहून अधिक शेतकऱ्यांचा १९७६ ते १९९२ चा इतिहास मांडला. धुराडं बसवलेल्या घरांतल्या पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ४१ टक्क्यांनी आणि बायकांत ४६ टक्क्यांनी कमी निघाला. २००२ मध्ये ते छापून आलं. त्याच लोकसंख्येत सीओपीडीही पुरुषांत ४२ आणि बायकांत २५ टक्क्यांनी कमी झाला, आणि प्रौढांमधले न्यूमोनियाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. गवंड्यानं केलेल्या एका कामातून इतकं मिळालं.

पण कर्करोगातला फरक लगेच दिसला नाही. धुराडं बसवल्यावर साधारण दहा वर्षांनी तो ठळक झाला, आणि सीओपीडीतही तितकाच वेळ लागला. कर्करोगाच्या बाबतीत या दहा वर्षांचा अर्थ थुंकीच्या त्या पाहणीकडे बोट दाखवतो. धुराडं नवीन ‘जी’ लडबडण्यापासून वाचवतं. आधीच ‘टी’ झालेलं अक्षर ते परत ‘जी’ करू शकत नाही. १९७६ मध्ये चूल बांधली तेव्हा फुप्फुसात ज्या पेशींचा राखणदार गेलेला होता, त्या पेशी आपापल्या गतीनं पुढे चालतच राहिल्या.

उरलेला धोका किती मोठा होता, हे २०१२ मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या आकड्यांवरून कळतं. धुराचा कोळसा वापरणाऱ्यांपैकी सत्तरीच्या आत फुप्फुसाच्या कर्करोगानं मरण्याची शक्यता पुरुषांत १८ टक्के आणि बायकांत २० टक्के. बिनधुराचा कोळसा वापरणाऱ्यांत अर्ध्या टक्क्याहून कमी. धुराडं नुकसान कमी करतं. कोळसा बदलणं त्याच्या कितीतरी पुढचं आहे.

हा कोळसाच इतका वाईट का, याचं एक भूगर्भशास्त्रीय उत्तर सुचवलं गेलं आहे. श्वेनवेईचा सर्वांत बदनाम थर पर्मियन युगाच्या अगदी शेवटी, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवरची बहुतेक जीवसृष्टी नष्ट झाली त्या सुमाराचा आहे. त्या काळातल्या ज्वालामुखींमुळे पाऊस आम्लधर्मी झाला, त्यानं खडकांतलं सिलिका विरघळवलं आणि ते दलदलीतल्या वनस्पतींच्या थरांत साचलं, अशी ही मांडणी आहे. म्हणून या कोळशाच्या धुरात अतिसूक्ष्म सिलिका आणि जनुकं बिघडवणारी रसायनं अशी जोडगोळी असते. दुसरीकडे, अलीकडच्या मोजमापांत बेंझोपायरीनपेक्षाही ५-मिथाइलक्रायसीन या त्याच कुळातल्या रसायनाचं नाव वर आलं आहे. दोन्ही खरं असू शकतं. तेही ‘जी’लाच चिकटतं, त्यामुळे पी-५३ वरची सही वाचून या भावंडांतला नेमका कोण, हे सांगणं सोपं नाही.

आपल्याकडे हे वाचताना एक गल्लत होण्याचा धोका आहे, म्हणून थोडं विषयांतर. महाराष्ट्रातल्या खेड्यांतली चूल लाकडं, काटक्या, तुऱ्हाट्या, गोवऱ्या यांवर चालत आली आहे. घरात दगडी कोळसा जाळण्याची रीत इथे फारशी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं घरातल्या कोळशाच्या धुराला कर्करोग नक्की करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आणि लाकूड, शेण यांसारख्या जळणाच्या धुराला ‘बहुधा करणारा’ या खालच्या गटात. श्वेनवेईचे आकडे उचलून सांगली-यवतमाळच्या स्वयंपाकघरावर चिकटवू नयेत. आपल्या चुलीचा हिशेब मुख्यतः दमा-खोकला, सीओपीडी, मुलांचा न्यूमोनिया यांचा आहे, आणि तो स्वतंत्रपणे पुरेसा जड आहे. निर्धूर चुलीच्या सरकारी मोहिमा ऐंशीच्या दशकात आल्या तेव्हा कित्येक घरांत ती चूल दोन पावसाळ्यांत मोडून पडली आणि तिच्या शेजारी जुनी तीन दगडांची पुन्हा पेटली. श्वेनवेईची धुराडी टिकली. तिथल्या हिवाळ्यात विस्तव दिवसभर लागतो आणि त्याच्याभोवती घरातले सगळे बसतात, पुरुषही. धूर फक्त रांधणारीच्या डोळ्यांत जात नव्हता. टिकण्यामागे याचाही वाटा असावा, असा माझा आपला अंदाज.

मोडलेलं पी-५३ दुरुस्त करता येईल का, हा प्रश्न डॉक्टरांना रुग्ण विचारतात. एखादं प्रथिन जास्त काम करत असेल तर त्याच्या तोंडात बूच मारणारं औषध शोधता येतं. ईजीएफआरवरच्या गोळ्या तशाच आहेत. नसलेलं काम परत आणणं फार कठीण. २००३ मध्ये चीननंच निरोगी पी-५३ चं जनुक विषाणूत भरून गाठीत टोचण्याचं उत्पादन डोक्यामानेच्या कर्करोगासाठी मंजूर केलं. जगातली व्यापारी तत्त्वावर मंजूर झालेली ती पहिली जनुकोपचार पद्धत. फुप्फुसाच्या रुग्णाच्या रोजच्या उपचारांत मात्र तिचं स्थान झालं नाही.

आता संपूर्ण जनुकसंच वाचता येतो, तेव्हा एका जनुकावरून हस्ताक्षर ओळखण्याची गरज राहिलेली नाही. हजारो चुकांची मिळून जी नक्षी दिसते तिला क्रमांक दिले गेले आहेत. तंबाखूच्या धुराची चौथी. पेशींना नुसतं बेंझोपायरीन दिलं तरी प्रयोगशाळेत हीच चौथी नक्षी उमटते. २०२५ मध्ये जगभरातल्या, कधीच धूम्रपान न केलेल्या ८७१ रुग्णांच्या गाठींचा अभ्यास आला. जास्त प्रदूषित हवेच्या भागांतल्या गाठींत चुका जास्त होत्या, पी-५३ मोडलेलं जास्त सापडलं, आणि ती चौथी नक्षी, सिगारेटवाल्यांची म्हणून ओळखली जाणारी, तिथेही जास्त दिसली. या अभ्यासात मोजलेला धूर घरातल्या खड्ड्याचा, विस्तवाचा नव्हता. तो बाहेरच्या हवेतला होता.